तंबू कुणाच्या अंगणात?

एक फोटो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. कड्याच्या टोकावर एक तंबू. तंबूच्या आत उजेड, त्यामुळे तो आकाशकंदिलासारखा केशरी. वर आकाशगंगेचा पट्टा, खाली काळीशार दरी. माणूस असलाच तर एकच, तोही पाठमोरा. खाली ओळ: ‘फक्त मी आणि सह्याद्री’. ठिकाण कधी कोकणकडा असतं, कधी राजमाची, कधी हिमालयातलं एखादं बुग्याल. तंबूचा रंग बदलतो, बाकी फोटो तोच.

हा फोटो मला आवडतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्याबद्दल बरंच वाकडं लिहायचं आहे. ज्यांना घरात स्वतःची खोली कधी मिळाली नाही, ज्यांच्या गॅलरीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं, त्यांना त्या तंबूतली जागा हवीशी वाटणारच. मलाही वाटली. असा एक फोटो माझ्याही खात्यावर आहे आणि मी टाकलेल्या बाकी कुठल्याही फोटोपेक्षा त्याला जास्त लाइक्स आहेत. सुरुवात त्याच्यापासूनच करते, कारण त्यातली लबाडी मला पुराव्यानिशी माहीत आहे.

सव्वाचारची गोष्ट

हरिश्चंद्रगड, एप्रिल महिना. पाचनईच्या वाटेने आम्ही तिघी दुपारी वर चढलो. गडावर गावातल्या लोकांनी घातलेली छपरं आहेत. तिथे पिठलं-भाकरी मिळते, ताक मिळतं, लिंबू सरबत मिळतं. संध्याकाळी कोकणकड्याच्या अगदी कडेला तंबू लावायला घेतला, तर छपरातले काका म्हणाले, “ताई, तिथं नका लावू. रातीला वारं सुटतं, तंबूसकट खाली जाल.” आम्ही ऐकलं आणि छपराच्या आडोशाला तंबू लावला. रात्री खरोखरच असं वारं सुटलं की तंबू सोडून आम्ही छपराखालीच येऊन पडलो. मावशींनी अंगावर घ्यायला घोंगड्या दिल्या.

एप्रिलमध्ये आकाशगंगेचा मधला, दाट भाग मध्यरात्रीनंतर उगवतो आणि पहाटे चारच्या सुमारास दक्षिणेला वर आलेला असतो. म्हणून सव्वाचारला उठलो. वारा पडला होता. रिकामा तंबू तिघींनी उचलून कड्याजवळ नेला, उडू नये म्हणून आत दगड ठेवले. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर वीस सेकंद. त्याहून जास्त वेळ उघडं ठेवलं तर पृथ्वी फिरते म्हणून तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊन येतात. तंबूतला तो उबदार उजेड म्हणजे आत वाकून बसलेल्या मैत्रिणीच्या मोबाइलचा टॉर्च, तोही जेमतेम दोन सेकंद. जास्त ठेवला तर तंबू पांढराफट्ट होतो. सहाव्या प्रयत्नात जमलं. मग तंबू उचलून परत आणला आणि मावशींच्या चुलीपाशी चहा प्यायलो.

म्हणजे त्या तंबूत कुणी झोपलेलं नव्हतं. झोपणं शक्यही नव्हतं. पण एवढं मी माफ करते. नाटकाच्या सेटवरच्या दाराला मागे खोली नसते म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. अडचण दुसरीच आहे. मूळ फाइलमध्ये डाव्या बाजूला, जमिनीपासून साधारण कमरेच्या उंचीवर, एक पिवळी थरथरती रेघ आहे. त्या मावशी आहेत. उठणाऱ्या पोरापोरींसाठी चहा-पोहे करायचे म्हणून त्या हंडा आणि बॅटरी घेऊन टाक्याच्या पाण्याला निघाल्या होत्या.

वीस सेकंदांच्या फोटोत जो जागचा हलत नाही तोच नीट उमटतो. डोंगर उमटतो, तंबू उमटतो, पोज देऊन श्वास रोखून उभा राहिलेला पर्यटक उमटतो. कामाला निघालेला माणूस अंधारात पुसला जातो. त्याच्या हातात दिवा असेल तर दिव्याची रेघ तेवढी मागे राहते. कॅमेऱ्याने मावशींना तेवढं तरी ठेवलं होतं. घरी आल्यावर मी फोनवरच्या अॅपमध्ये डाग काढायचं टूल घेतलं, रेघेवरून बोट फिरवलं, आणि रेघ गेली. खाली लिहिलं: ‘फक्त मी आणि सह्याद्री’.

तंबू आधी कॅमेऱ्याचा होता

हे माझ्या एकटीच्या खोडीपुरतं असतं तर लेख लिहायची गरज नव्हती. पण डोंगराच्या फोटोत ही सवय फार जुनी आहे, जवळपास त्या कलेइतकीच.

सॅम्युअल बॉर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ साली हिंदुस्थानात आला. कलकत्त्याची ‘बॉर्न अँड शेफर्ड’ ही प्रसिद्ध फर्म त्याच्याच नावाची. पुढच्या तीन वर्षांत त्याने हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या आणि १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांच्या वर, फोटो काढले. तेव्हाचं तंत्र ओल्या काचांचं. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. सगळं काही मिनिटांत. म्हणजे जिथे फोटो तिथेच अंधारखोली हवी. ती अंधारखोली म्हणजे तंबू. डोंगराच्या फोटोग्राफीत तंबू आधी फोटो ‘धुण्यासाठी’ आला, फोटोत ‘दिसण्यासाठी’ फार नंतर.

काचा, रसायनं, तंबू, बॉर्नचं खाणंपिणं हे सगळं वाहून नेणारे काही डझन हमाल प्रत्येक मोहिमेत होते. बॉर्नने लंडनच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात या प्रवासांवर लेखमाला लिहिल्या. त्यात हमाल पानोपानी आहेत: ते पळून जातात, ओझं टाकतात, याचा पारा चढतो, आणि तो काठी उगारतो तेही तो लाज न बाळगता लिहितो. आता फोटो पाहा. बर्फ, खिंड, देवदार, नदी. नितळ, शांत, भव्य. कुठे एखादा माणूस असलाच तर डोंगर किती मोठा आहे ते कळावं म्हणून मापाच्या पट्टीसारखा उभा केलेला. मजकुरात माणसांचा गोंगाट आणि चित्रात शुकशुकाट. बॉर्न मोठा फोटोग्राफर होता यात मला शंका नाही, त्याची चौकट आजही थक्क करते. पण ती चौकट म्हणजे ओझं कुणी वाहिलं हे विसरण्याची सोय होती.

अॅन्सेल अॅडम्सचे दोन मॅन्झनार

आपल्या आजच्या तंबूवाल्या फोटोचा थेट पूर्वज मात्र अमेरिकेत आहे. १० एप्रिल १९२७ रोजी अॅन्सेल अॅडम्सने योसेमिटीतल्या ‘हाफ डोम’ या कड्याचा फोटो काढला. त्याच्याकडे दोनच काचा उरल्या होत्या. एकीवर पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला, मग वाटलं की मनात जे उमटलंय ते यात येणार नाही. शेवटच्या काचेसाठी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो, म्हणून आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यातून उसळून आला. डोळ्यांना दिसतं ते नाही, मनाला जाणवतं ते टिपायचं, ही अॅडम्सची शिकवण तिथून सुरू झाली. आज आपण फोनमध्ये आकाशाचा स्लायडर ओढतो तेव्हा नकळत त्याच्याच वर्गात बसलेलो असतो.

पण त्याच्या योसेमिटीत माणूस जवळपास दिसत नाही. ती दरी अहवाहनीची लोकांची. १८५१ साली सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हुसकावलं, तरी काही जण परतले आणि राहिले. अॅडम्सने तो फोटो काढला तेव्हाही दरीत त्यांची वस्ती होती. त्यांची उरलीसुरली घरं राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाने १९६९ मध्ये पाडली. ‘माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग’ हे चित्र आधी कड्यांच्या फोटोंत तयार झालं, की आधी माणसं हलवून, हा प्रश्न मला त्या काळ्या आकाशाकडे पाहताना आता टाळता येत नाही.

इथे थांबले तर अॅडम्सवर अन्याय होईल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या स्वतःच्याच नागरिकांना उचलून छावण्यांमध्ये कोंडलं. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी मॅन्झनार इथे अशी दहा हजारांवर माणसं होती. १९४३ मध्ये अॅडम्स तिथे गेला, त्यांची पोर्ट्रेट्स काढली, आणि युद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, ‘बॉर्न फ्री अँड इक्वल’ हे पुस्तक काढलं. त्या वातावरणात हे धाडस होतं. त्याच काळात, त्याच मॅन्झनारहून त्याने आणखी एक फोटो काढला: समोर गोलसर दगडांचं अफाट शेत, मागे माउंट विल्यमसन, ढगांतून फुटलेला उजेड. त्यात ना कुंपण, ना पहारा, ना एकही माणूस. १९५५ च्या ‘फॅमिली ऑफ मॅन’ या गाजलेल्या प्रदर्शनात तो भिंतीएवढा मोठा करून लावला होता.

एकाच माणसाने, एकाच जागेवरून काढलेली ही दोन चित्रं. एकात माणसं आहेत, दुसऱ्यात डोंगर. दोन्ही एका चौकटीत का आली नाहीत, यावर मी बराच विचार केला. पण एक गोष्ट अॅडम्सने केली. त्या डोंगराच्या फोटोच्या नावात त्याने ‘मॅन्झनारहून’ असं लिहिलं. चौकटीत जे नाही ते नावात ठेवलं. ज्याला ठाऊक आहे त्याला त्या दगडांच्या शेतात उभं राहून पाहणारी छावणी ऐकू येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

कुंपण फोटोत ठेवणारी बाई

या परंपरेला वेगळं वळण देणाऱ्यांत मला सगळ्यात जवळची वाटते ती ब्रिटनची फे गॉडविन. १९८५ चं तिचं ‘लँड’ हे पुस्तक निसर्गचित्रांसाठी नावाजलं गेलं. ती स्वतः पायी भटकणारी. पदयात्रींच्या ‘रॅम्ब्लर्स असोसिएशन’ची ती काही वर्षं अध्यक्ष होती. चालता चालता तिला जे सतत आडवं आलं ते तिने १९९० च्या ‘अवर फॉरबिडन लँड’मध्ये मांडलं: काटेरी तारा, बंद फाटकं, ‘खाजगी मालमत्ता’च्या पाट्या, लष्कराने अडवलेली माळरानं. उजेड तोच, ढग तेच, रचनेची शिस्त तीच. फक्त कुंपण क्रॉप केलेलं नाही. आणि गंमत म्हणजे फोटो त्यामुळे कुरूप झाले नाहीत. ते बोलके झाले. ही जमीन कुणाची, इथे कुणी यायचं आणि कुणी नाही, हे त्या डोंगराचाच भाग म्हणून दिसायला लागलं.

तिथे हा वाद अजून संपलेला नाही. परवानगीशिवाय उघड्यावर तंबू लावायचा हक्क इंग्लंडात फक्त डार्टमूरच्या माळावर होता. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो नाकारला, त्याच वर्षी जुलैत अपील न्यायालयाने परत दिला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. तिथल्या तंबूवाल्याला निदान हे माहीत असतं की आपण कुणाच्या तरी जमिनीवर, एका हक्काच्या जोरावर झोपलो आहोत. आपल्याकडे असा हक्क नाही आणि असा प्रश्नही आपण विचारत नाही. आपण ‘वाइल्ड कॅम्पिंग’ हा शब्द उचलला आणि समजून चाललो की डोंगर म्हणजे मोकळी जागा.

रान रिकामं नसतं

मराठीत ‘रान’ म्हटलं की त्यात कुणीतरी आलंच. रानात गुरं जातात, रानातून मोळी येते, रानभाज्या येतात. शेतालाही आपण रान म्हणतो. अकोल्याच्या पट्ट्यात हिरडा गोळा करणं हे कित्येक घरांचं उत्पन्न आहे. कारवीच्या काठ्यांनी घराचे कुड उभे राहतात. गडावरचं टाकं ही आपल्यासाठी ‘प्राचीन वास्तू’, तर वर राहणाऱ्यासाठी रोजचं पाणी. ज्याला आपण माणसापासून दूर गेलेलो समजतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी अंगण असतं.

आपल्या वाङ्मयाला हे माहीत होतं. गो. नी. दांडेकर आयुष्यभर गड हिंडले, कॅमेरा घेऊनही हिंडले. पण त्यांना राजमाचीवर कादंबरी लिहावीशी वाटली तेव्हा तिचं नाव ‘माचीवरला बुधा’ झालं. माची आहे, पण बुधासकट आहे. मुंबई सोडून म्हातारपणी डोंगरावर परतलेल्या माणसाच्या डोळ्यांनी झाडं, पाखरं, पाऊस दिसतात, म्हणून ती कादंबरी निसर्गचित्राहून मोठी होते. आज राजमाची शोधली की तंबूंच्या रांगा, काजव्यांचे फोटो आणि ड्रोनचे शॉट येतात. माची शिल्लक आहे, बुधा क्रॉप झालाय.

काजव्यांचंच घ्या. मेच्या अखेरीपासून पाऊस बसेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे झाडं लुकलुकतात. फोटोत मात्र अख्खं रान सोन्याच्या ठिपक्यांनी भरलेलं दिसतं. तो एक क्षण नसतो. एकाच जागेवरून घेतलेले अनेक फोटो एकावर एक चढवून तो तयार होतो. तंत्र म्हणून त्यात वाईट काही नाही. पण ते पाहून गाड्यांच्या रांगा लावणाऱ्याला प्रत्यक्षात तेवढे काजवे दिसत नाहीत, मग तो झाडाच्या जवळ जातो, टॉर्च मारतो, हेडलाइट चालू ठेवतो. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. आपल्या उजेडात ती साद हरवते. फोटोत कुणाच्याही डोळ्यांनी कधी न पाहिलेली दाटी असते, आणि ती दाटी शोधताना खरे काजवे कमी होतात.

म्हणून मला हा प्रश्न निव्वळ सौंदर्यशास्त्राचा वाटत नाही. चित्र ‘इथे कुणी नाही’ असं सांगत राहिलं की सगळे तसंच वागतात. येणारा शेकोटी पेटवतो, बाटल्या टाकतो, रात्रभर स्पीकर लावतो, कारण ऐकायला कुणी नाहीच. मग एक दिवस बंदी येते. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. उंचावरची ती कुरणं तंबूंखाली अक्षरशः मरत होती, त्यामुळे तो आदेश मला चुकीचा म्हणवत नाही. पण अशा बंदीनंतर आपण दुसरा डोंगर शोधतो. वाटाडे, खेचरवाले, जेवण करणारे मात्र तिथेच राहतात. फोटोत ते कधी नव्हतेच, त्यामुळे त्यांचं काय झालं हा प्रश्नही आपल्या फीडवर येत नाही.

प्रत्येकाला आपलंच वलय

हरिश्चंद्रगड इंद्रवज्रासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या शेवटी, सकाळी सूर्य पाठीशी आणि कड्याखाली धुकं असलं की त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं. विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३५ साली छापलेल्या दख्खनच्या हवामानावरच्या लेखात ते नोंदवलं. त्याची एक गंमत आहे. चार जण शेजारी उभे राहिले तरी प्रत्येकाला वलय फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. शेजाऱ्याची सावली दिसते, तिच्याभोवती काही नसतं. शेजाऱ्यालाही अगदी तसंच दिसत असतं. प्रकाशाचा नियमच तसा आहे, त्यात कुणाचा दोष नाही. फक्त शेजाऱ्याशी बोललं नाही तर माणूस असं समजून घरी जाईल की डोंगराने आपल्यालाच निवडलं.

आपल्या तंबूच्या फोटोचं असंच झालंय. फोटो काढू नका, तंबू लावू नका असं मी म्हणत नाही. प्रत्येक फोटोत स्थानिक माणूस उभा करा असंही नाही. त्याने तर मावशींना नवीनच काम लागेल, आणि ‘अस्सल गावकरी’ हा आणखी एक फिल्टर तयार होईल. मला अॅडम्सचा तो छोटा मार्ग जमण्यासारखा वाटतो. चौकटीत नाही तर नावात तरी ठेवा. ‘कोकणकडा’च्या टॅगशेजारी ‘पाचनई’ लिहा. रात्र कुणाच्या छपराखाली काढली, पाणी कुठल्या टाक्याचं होतं, तंबू फोटोपुरता नेला होता की खरंच तिथे झोपलात, लिहा. काजव्यांचे किती फोटो जोडले ते लिहा. हे कबुलीजबाब नव्हेत. तो फोटोचा अर्धा भाग आहे, जो आपण आजवर फुकट सोडून देत होतो.

गेल्या महिन्यात मी जुनी हार्डडिस्क काढून ती मूळ फाइल शोधली आणि रेघेसकट पुन्हा टाकली. लाइक्स पहिल्या वेळेपेक्षा खूपच कमी आले. पहिली कमेंट एका जुन्या मित्राची होती: “डावीकडे ती रेघ कसली? काढून टाक ना, फोटो मस्त आहे.”

त्याला लिहिलं की त्या मावशी आहेत, आम्हाला चहा हवा होता म्हणून पाण्याला निघाल्या होत्या. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “त्यांचं नाव काय?”

मी त्यांच्या छपराखाली झोपले होते, त्यांच्या हातचं तीनदा जेवले होते. नाव मी विचारलंच नव्हतं.